कॉम्प्रेसरची हवा कोरडी ठेवा : पाइपांची जोडणी आणि पाण्याचा निचरा



निचरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिबड रान आणि चर येतात. आजही निचऱ्याचीच माहिती द्यायची आहे, पण ती रानातल्या नव्हे, तर यंत्राच्या पाइपातल्या निचऱ्याची.

तूर-हरभरा नुसता बाजारात नेऊन घालण्यापेक्षा गावातच डाळ करून विकावी, असा विचार अनेक गट आता करू लागले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल बऱ्याच बचत गटांना ठाऊक आहे. या मिलला हवेचा दाब लागत नाही. पण पुढची पायरी म्हणून रंग पाहून दाणे निवडणारे यंत्र, म्हणजे सॉर्टर घेतला, की त्याच्यासोबत कॉम्प्रेसर येतोच. सॉर्टरचा कॅमेरा काळा, डागी दाणा टिपतो आणि हवेचा एक बारीक फटकारा त्या दाण्याला बाजूला उडवतो. थोडक्यात, निवडणीचे अर्धे काम कॅमेऱ्याचे आणि अर्धे हवेचे.

अनुभव असा, की सॉर्टर आणि कॉम्प्रेसर चांगला पाहून घेतला जातो, पण त्या दोघांना जोडणारा पाइप मात्र ‘गावातला प्लंबर टाकून देईल’ म्हणून सोडला जातो. प्लंबर तो पाण्याच्या पाइपासारखा टाकतो. पहिल्या पावसाळ्यात सॉर्टरमधून पाण्याचे शिंतोडे येऊ लागतात आणि लाखांच्या यंत्राची निवड बिघडते. म्हणून पाइप टाकण्याआधीच पुढील माहिती नीट वाचा आणि फिटरलाही वाचून दाखवा.

हवेत पाणी येते कुठून?

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, पहाटे पिकावर दहिवर पडते. हे पाणी हवेतलेच असते. गरम हवा जास्त वाफ धरून ठेवते, थंड हवा कमी धरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहते. २० अंशांना ते प्रमाण सुमारे १७ ग्रॅमवर येते. बाकीचे पाणी थेंब होऊन बाहेर पडते.

कॉम्प्रेसर काय करतो? ७ किलो दाबासाठी (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो) तो साधारण ८ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवतो. हवा दाबली गेली, पण तिच्यातले पाणी कुठे जाणार? ओला पंचा पिळावा तसे ते सुटे होते.

याचा हिशेब करून पाहू. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. अशी ८ घनमीटर हवा म्हणजे १९२ ग्रॅम पाणी. दाबलेली हवा टाकीत निवून ४० अंशांवर आली, की त्या एका घनमीटरात फक्त ५१ ग्रॅम पाणी वाफ म्हणून राहू शकते. उरलेले १४१ ग्रॅम टाकीच्या तळाशी बसते.

१० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे ४० घनफूट हवा ओढतो असे धरा. दिवसातून सहा तास तो प्रत्यक्ष हवा भरत असेल, तर टाकीत दिवसाला ७ लिटर पाणी जमते. एवढ्यावर भागत नाही. टाकीतून निघालेली ४० अंशांची हवा पाइपात आणखी निवते. ती ३० अंशांवर आली, की पाइपातच आणखी लिटरभर पाणी सुटते. हे लिटरभर पाणीच आपले खरे दुखणे आहे. टाकीतले पाणी चावी उघडून काढता येते, पण पाइपातल्या पाण्याला आपण वाट ठेवलेली नसेल, तर ते सरळ यंत्रात जाते.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा पाणी कमी सुटते. पण हिवाळ्यातल्या साध्या दिवशीही वरच्याच हिशेबाने दोन-अडीच लिटर पाणी निघते. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

या पाण्याने नुकसान काय होते?

पहिले नुकसान सॉर्टरचे. त्याच्या हवेच्या झडपा फार नाजूक असतात आणि सेकंदाला अनेक वेळा उघडमिट करतात. पाणी, गंज आणि डाळीची पूड यांचा चिखल होऊन त्या चिकटतात. झडप वेळेवर उघडली नाही, तर काळा दाणा चांगल्यात जातो. वेळेवर मिटली नाही, तर चांगला दाणा टाकाऊत जातो. दोन्हीकडून तोटा आपलाच.

दुसरे नुकसान मालाचे. ओल्या हवेचे शिंतोडे डाळीवर बसतात आणि पोत्यात ओलीची गाठ होते. हवेत कॉम्प्रेसरचे तेल असेल तर डाळीला वास लागतो. असा माल व्यापारी परत करतो आणि गटाचे नाव जाते ते वेगळेच.

तिसरे नुकसान सगळ्यांत मोठे. टाकीच्या तळाशी पाणी साचून राहिले, तर टाकी आतून गंजते. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आतला पत्रा कागदासारखा होत जातो. दाबाखालची टाकी फुटली, तर ती बॉम्बसारखी फुटते. तिच्याजवळ काम करणारा आपल्याच घरातला कोणीतरी असतो. म्हणून निचऱ्याचे काम नुसते मालासाठी नाही, माणसासाठी आहे.

जागा कशी निवडावी?

कॉम्प्रेसर मिलच्या खोलीत ठेवू नका. तिथे भुसा आणि कोंडा उडतो, तो गाळणीत अडकतो आणि यंत्र तापते. मिलच्या भिंतीला लागून वेगळे छप्पर करा. दुपारचे ऊन येणार नाही अशी बाजू निवडा आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या ठेवा. यंत्राच्या चारही बाजूंना माणूस फिरेल एवढी, किमान अडीच-तीन फूट जागा सोडा. हवा जितकी थंड आणि स्वच्छ आत जाईल, तितके यंत्र हलके चालते.

खाली काँक्रीटचा सपाट ओटा करा. टाकीचा निचरा तळाशी असतो. टाकी जमिनीला टेकली तर ती चावी उघडायला हातच जात नाही, मग ते काम रोज चुकते. ओटा इतका उंच ठेवा की चावीखाली बादली सहज बसेल.

कॉम्प्रेसर थरथरतो. तो लोखंडी पाइपाला ताठ जोडला तर जोड सैल होतात. म्हणून टाकी आणि मुख्य पाइप यांच्यामध्ये दाबाला योग्य अशी लवचिक नळी बसवा.

टाकीबद्दल चार गोष्टी

१) टाकी भारतीय मानक ७९३८ प्रमाणे बनलेली आणि चाचणीचा दाखला असलेली घ्या. भंगारातली, जुन्या गॅसची किंवा गावात वेल्डिंग करून बनवलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

२) टाकीवर दाबाचे घड्याळ आणि सुरक्षा झडप हवीच. या झडपेतून हवा सुटते म्हणून तिचा स्क्रू आवळणे किंवा तिला खुंटी मारणे म्हणजे आपल्या हाताने अपघात बोलावणे आहे.

३) कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये बंद करण्याची चावी शक्यतो ठेवू नका. काही कारणाने ठेवावीच लागली, तर तिच्या अलीकडे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूला, आणखी एक सुरक्षा झडप बसवा. नाही तर कोणी चुकून चावी बंद ठेवून यंत्र सुरू केले, तर हवेला जायला जागा राहत नाही.

४) दाबाच्या यंत्रांची सुरक्षितता कारखाने कायदा १९४८ च्या कलम ३१ मध्ये सांगितलेली होती. आपली मिल लहान असून कायद्याच्या कक्षेत बसत नसली, तरी वर्षातून एकदा जाणकार तपासनिसाकडून टाकीच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. दाब माणूस मोजून पाहत नाही, मिल लहान की मोठी.

पाइप कोणता घ्यावा?

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पीव्हीसी पाइप वापरू नका.

आपल्या प्रत्येकाच्या घरी विहिरीच्या लाइनचे पीव्हीसीचे तुकडे पडलेले असतात. त्यावर ६ किलो, १० किलो असे छापलेलेही असते. मग हाच का नको? कारण तो दाब पाण्यासाठी आणि २७ अंश तापमानासाठी दिलेला असतो. कॉम्प्रेसरची हवा त्याहून गरम असते. गरमीने, उन्हाने आणि तेलाने पीव्हीसी कमजोर होतो.

दुसरे कारण याहून मोठे आहे. पाणी दाबले तरी आकसत नाही. पाण्याचा पाइप फुटला की थोडे पाणी बाहेर येते आणि दाब तिथेच संपतो. हवा मात्र आठपट दाबून बसवलेली असते. पाइपाला चीर पडली की ती एका क्षणात आठपट फुगते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे गोळीसारखे उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच उघड्यावरच्या हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी वापरू नये अशी धोक्याची सूचना काढली होती. पाइपात वाचवलेले चार पैसे डोळ्याच्या मोलाचे नसतात.

मग काय वापरावे? गावात सहज मिळणारा जीआय पाइप चालतो. तो भारतीय मानक १२३९ चा, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा घ्या. त्यावर निळी पट्टी असते. पिवळी पट्टी हलक्या पाइपाची आणि लाल पट्टी जाड पाइपाची. हवेसाठी बनवलेले अॅल्युमिनियमचे पाइपही मिळतात. ते गंजत नाहीत आणि जोडायला सोपे असतात, पण महाग पडतात.

जाडी किती? मिनिटाला ४० घनफूट हवेसाठी मुख्य पाइप एक इंची ठेवा. त्यातून हवा सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने जाते. हवा संथ चालली की पाणी खाली बसते आणि निचऱ्याला सापडते. अर्धा इंची पाइपात तीच हवा सेकंदाला ११-१२ मीटर वेगाने पळते, पाण्याला सोबत ओढून नेते आणि दाबही खाते.

पाइप कापल्यावर आतली धार कानसीने घासून काढा. टेप गुंडाळताना टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाही तर टेपचे तुकडे सुटून सॉर्टरपर्यंत जातात. प्रत्येक फाट्यावर आणि लांब लाइनमध्ये अधूनमधून युनियन घाला, म्हणजे पुढे दुरुस्तीला सगळी लाइन उकलावी लागत नाही.

मुख्य पाइपाला उतार द्या

पाटाला उतार दिल्याशिवाय पाणी शेवटच्या सऱ्यांपर्यंत पोचत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हवेच्या पाइपाचेही तसेच आहे. फक्त इथे पाणी पोचवायचे नसून बाहेर काढायचे आहे.

मुख्य पाइप भिंतीवर उंचावरून न्या आणि त्याला १०० फुटांत एक फूट उतार द्या. म्हणजे दर १० फुटांना सव्वा इंच. उतार हवा ज्या दिशेने जाते त्याच दिशेने, कॉम्प्रेसरपासून दूर असा ठेवा. मग हवाही पाण्याला पुढे ढकलते आणि उतारही. उलटा उतार दिला तर हवा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, अशी ओढाताण होऊन पाणी मध्येच अडते.

उतार नजरेने ठरवू नका. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोन्ही टोकांची पातळी काढा, दोरी बांधा आणि दोरीला धरून क्लॅम्प ठोका. क्लॅम्प दर आठ फुटांवर ठोका. अंतर जास्त ठेवले तर पाइप मध्ये वाकतो आणि त्या झोळीत पाणी साठते.

शेड लांब असेल, तर दर शंभर फुटांवर एक निचरा ठेवा. उंची संपत आली असेल तर निचऱ्याच्या जागेपुढे पाइप पुन्हा वर उचला आणि नव्याने उतार सुरू करा.

पाइप जमिनीत पुरू नका. आत पाणी साचते, बाहेरून गंज खातो आणि गळती दिसत नाही.

फाटा वरून घ्या, खालून नको

हीच गोष्ट प्लंबरच्या सवयीच्या विरुद्ध असते, म्हणून ती उभे राहून करून घ्या.

पाण्याच्या लाइनमध्ये फाटा सरळ खाली सोडतात. हवेच्या लाइनमध्ये तसे केले, तर पाइपाच्या तळाने वाहणारे सगळे पाणी पहिल्याच फाट्यातून यंत्रात उतरते. म्हणून टी चे तोंड वर करा. तिथून पाइप वर घ्या आणि छत्रीच्या मुठीसारखा वळवून मग खाली आणा. हवा वरून जाते, पाणी तळाने पुढे सरकते.

खाली येणारा पाइप सरळ यंत्राला जोडू नका. जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक टी बसवा. टी च्या बाजूच्या तोंडातून यंत्राकडे जोड द्या. खालच्या तोंडाला आणखी फूटभर पाइप लावून त्याच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवा. चुकूनमाकून आलेले पाणी सरळ या नळीत पडते आणि हवा वळून यंत्राकडे जाते. या फूटभर नळीला आपण ‘निचरा नळी’ म्हणू.

निचरा नळी कुठे कुठे हवी?

१) टाकीच्या पुढे जिथे पाइप खालून वर चढतो, तिथे चढाच्या पायथ्याशी.
२) मुख्य पाइपाच्या शेवटच्या टोकाला.
३) मध्ये जिथे जिथे सखल जागा आहे, तिथे.
४) यंत्राकडे उतरणाऱ्या प्रत्येक फाट्याच्या तळाशी.

निचरा नळी मुख्य पाइपाइतकीच जाड ठेवा. बारीक नळीत गंजाचा गाळ अडकतो. बॉल व्हॉल्व्ह माणूस उभा राहून उघडू शकेल अशा जागी हवा. शिडी लावून उघडायची चावी कोणी रोज उघडत नाही.

व्हॉल्व्हच्या पुढे पाणी नेणारी नळी भिंतीला पक्की बांधा. मोकळी नळी हवेच्या जोराने सापासारखी फडफडते आणि तोंडावर बसते. नळीचे टोक दिसेल असे उघडे ठेवा, म्हणजे काय निघते ते कळते. सगळ्या निचऱ्यांच्या नळ्या एकाच बंद पाइपात कोंबू नका, कारण एकीकडची हवा दुसरीकडे उलटी शिरते.

फिल्टर आणि ड्रायर

सॉर्टरसाठी नुसता पाइपाचा निचरा पुरत नाही. पाणी थेंबांच्या रूपात असेल तेवढेच निचऱ्याने निघते, वाफ पुढे जाते. ती काढण्यासाठी ड्रायर लागतो. आपल्या कामाला शीतकरणावर चालणारा ड्रायर पुरतो. तो हवेला साधारण ३ अंशांपर्यंत थंड करून पाणी काढून टाकतो. मग आपल्या शेडमधल्या तापमानाला पाइपात थेंब धरत नाही.

क्रम असा ठेवा : कॉम्प्रेसर, टाकी, मुख्य चावी, जाड गाळणी, ड्रायर, बारीक गाळणी आणि मग लाइन. टाकीच्या आधी आफ्टरकूलर बसवला तर आणखी चांगले. पाणी जितके लवकर सुटे होईल तितके बरे. जीआय पाइपातले गंजाचे आणि जस्ताचे कण अडवायला सॉर्टरच्या अगदी जवळ आणखी एक बारीक गाळणी आणि दाब नियंत्रक लावा.

ड्रायर आहे म्हणून उतार आणि निचरा नळ्या टाळू नका. ड्रायर कधीतरी बंद पडतोच, आणि तो नेमका पावसाळ्यात पडतो.

तेलकट पाणी कुठे सोडायचे?

तेलाच्या कॉम्प्रेसरमधून निघणारे पाणी दुधाळ आणि तेलकट असते. ते विहिरीजवळ, ओढ्यात, गुरांच्या हौदाकडे किंवा पिकात सोडू नका. शोषखड्ड्यातही नको. थोडे तेलही बऱ्याच पाण्याला वास लावते.

निचऱ्याचे पाणी पिंपात गोळा करा. दोन-चार दिवस ठेवल्यावर तेलाचा थर वर येतो, तो वेगळा काढा. पाणी दुधाळच राहिले, तर तेल त्यात मिसळलेले आहे असे समजा. अशा पाण्यासाठी तेल वेगळे करणारे गाळणीचे उपकरण लागते. जमा झालेले जुने तेल घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत तेल घेणाऱ्यालाच द्यावे. चुलीत जाळू नये, लाकडाला फासू नये.

सुरू करण्याआधी चाचणी

लाइन पूर्ण झाल्यावर टाकी, ड्रायर, फिल्टर आणि यंत्र सोडवून ठेवा. पाइपात पाणी भरा आणि प्लंबरच्या हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ७ किलोच्या लाइनला साडेदहा किलोपर्यंत दाब द्या. ही चाचणी हवेने करू नका. पाण्याने जोड निसटला तर फार तर कपडे भिजतात.

मग पाणी काढून, कमी दाबाच्या हवेने लाइन फुंकून साफ करा. फुंकताना उघड्या टोकासमोर कोणी उभे राहू नये. शेवटी सगळे जोडून हवा भरा आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा. फुगे आले की गळती.

पुढे दर महिन्याला गळतीचा सोपा हिशेब करा. सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा. तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून पाहा. एक मिनिट भरून नऊ मिनिटे थांबला, तर दहापैकी एक भाग, म्हणजे १० टक्के हवा गळते आहे. याहून जास्त असेल तर गळती शोधा.

रोजची कामे

सकाळी यंत्र सुरू करण्याआधी टाकीत थोडा दाब शिल्लक असतो. रात्रभर निवलेले पाणी तळाशी बसलेले असते. तेव्हा टाकीचा आणि प्रत्येक निचरा नळीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. बाजूला उभे राहा आणि डोळ्यांना चष्मा लावा. पाणी संपून नुसती हवा येऊ लागली की बंद करा. मृगापासून पावसाळा संपेपर्यंत दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा उघडा.

हे काम एका माणसाच्या नावावर लावा. भिंतीवर तारखांचा तक्ता टांगा आणि खूण करायला सांगा. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच काम नाही.

दाबाच्या हवेने अंगावरचा कोंडा झटकू नका. ही हवा कातडीतून किंवा डोळ्यातून आत शिरू शकते. लहान मुलांना या खोलीत येऊ देऊ नका आणि पट्ट्यावरची जाळी काढून यंत्र चालवू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : निचऱ्याचा व्हॉल्व्ह कायमचा थोडासा उघडा ठेवला तर रोजची कटकट वाचणार नाही का?
उत्तर : वाचेल, पण विजेच्या बिलात भरावी लागेल. ७ किलो दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला १५ ते २० घनफूट हवा निघून जाते. म्हणजे १० अश्वशक्तीच्या यंत्राची जवळजवळ निम्मी कमाई.

प्रश्न : आम्ही आपोआप उघडणारा निचरा बसवला आहे. आता पाहायला नको ना?
उत्तर : पाहावेच लागेल. तरंगत्या गोळ्याचा निचरा गंजाच्या गाळाने अडकतो. घड्याळावर चालणाऱ्याचे छिद्र बुजते. त्याच्या आधी जाळी लावा, शेजारी हाताने उघडण्याची चावी ठेवा आणि आठवड्यातून एकदा ती उघडा. पाण्याचा लोंढा आला, तर आपोआप निचरा बंद पडला आहे असे समजा.

प्रश्न : टाकीच्या तळाला बारीक भोक पडून हवा सुटते. वेल्डिंग करून चालेल का?
उत्तर : मुळीच नाही. एक भोक दिसले म्हणजे त्याच्या आजूबाजूचा पत्राही झिजला आहे. यंत्र लगेच थांबवा, हवा पूर्ण सोडा आणि टाकी बदला.

प्रश्न : लाइन तर आधीच टाकून झाली आहे. सगळी काढावी लागेल का?
उत्तर : पाइप पीव्हीसी असेल तर काढा. जीआय असेल तर आधी टोकाला आणि सखल जागी निचरा नळ्या बसवा. मग क्लॅम्प सैल करून उतार द्या. शेवटी खालून घेतलेले फाटे एकेक करून वरून घ्या. ही कामे हंगाम संपल्यावर, पावसाळ्याआधी उरकून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

पीव्हीसी नको, बी क्लास जीआय घ्या. उतार हवेच्या दिशेने, दर १० फुटांना सव्वा इंच. फाटा वरून, निचरा खालून. सुरक्षा झडपेला हात लावू नका. तेलकट पाणी विहिरीपासून दूर ठेवा. आणि टाकीचे पाणी रोज, न चुकता काढा.

बंधू-भगिनींनो, रानातले पाणी निघाले नाही तर एक हंगाम जातो. टाकीतले पाणी निघाले नाही तर माणूस जाऊ शकतो. फिटरला बोलवाल त्या दिवशी ही पत्रिका त्याच्या हातात द्या, आणि नंतर ती कॉम्प्रेसरच्या खोलीत दारामागे चिकटवून ठेवा.